जवळकरांची शशिकला : सोलापूर ते ‘गुमराह’

हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री शशिकला यांच्याविषयी लिहिताना ‘सोलापूरच्या श्रीमंत घरातली मुलगी सिनेमात गेली’ एवढं सांगून पुढे जायची रीत पडली आहे. पण घरात पैसा होता तोवर त्या सिनेमात गेल्या नव्हत्या. पैसा गेला म्हणून गेल्या. त्यांची पहिली पंधरा-सतरा वर्षं लहानसहान भूमिकांत का गेली, हे या एका फरकावरून उलगडतं.

जन्म ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. घर भावसार शिंपी समाजातलं, आडनाव जवळकर, भावंडं सहा. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून सोलापूर सुतावर आणि कापडावर वाढलं होतं, आणि रंगाई, छपाई, शिवणकाम हे भावसारांचे परंपरेचे धंदे. वडील गावातले सधन व्यापारी. मुलीला नाचगाण्याची आवड होती आणि घरातून त्याला आडकाठी नव्हती. पाच वर्षांच्या असल्यापासून त्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावी रंगमंचावर उभ्या राहत. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती. पुढे सगळं गेलं तेव्हा हाताशी उरली ती हीच शिदोरी.

पैसा गेला तो वडिलांच्या धाकट्या भावाच्या शिक्षणापायी. वडील कमाई लंडनला पाठवत राहिले. १९२७ पासून रुपयाचा दर दीड शिलिंगाला बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. शंभर पौंड पाठवायचे तर घरातून १,३३३ रुपये बाहेर. व्यापाऱ्याचं भांडवल मालात आणि उधारीत अडकलेलं असतं. हातातली रोकड अशी सतत बाहेर जात राहिली की एक मंदा हंगामसुद्धा पेलवत नाही. भाऊ शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि या घराला विसरला, असं शशिकला स्वतः मुलाखतींतून सांगत. दिवाळं निघालं आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलांमध्ये ही दिसायला देखणी, हिला काम मिळेल, एवढाच आधार होता. मग स्टुडिओंचे उंबरे झिजवणं सुरू झालं.

दुर्गाबाई खोट्यांशी तुलना नेहमी होते. त्याही मोठ्या घरच्या, आणि सासरची स्थिती खालावल्यावरच १९३१-३२ मध्ये पडद्यावर आल्या. पण दुर्गाबाई मुंबईत वाढलेल्या, कॉलेजात शिकलेल्या होत्या, आणि ‘प्रभात’सारख्या मराठी कंपनीने ‘अयोध्येचा राजा’त त्यांना थेट तारामती केलं. शशिकलांच्या वाट्याला आली ती १९४५ची मुंबई, आणि तिथे हिंदी चित्रपटाची बोली उर्दू होती.

गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांची नजर या मुलीवर पडली. त्यांचे पती, दिग्दर्शक शौकत हुसैन रिझवी तेव्हा ‘ज़ीनत’ हा चित्रपट करत होते. भूमिका हुकली ती उर्दू कच्चं म्हणून. मराठी तोंडाला हे का जड जातं, ते ‘जवळकर’ या आडनावावरूनच कळतं. त्यातला दंत्य ‘ज’ उर्दूच्या ‘ज़’च्या जवळचा, तरी तो नव्हे. पुढे ‘ई’ आली की आपला ‘ज’ तालव्य होतो, ‘जीव’मधल्यासारखा, त्यामुळे चित्रपटाचं नावच ‘जीनत’ होऊन जातं. ‘ख़’, ‘क़’, ‘फ़’ यांचीही तीच गत. संवाद तेव्हा चित्रीकरणातच ध्वनिमुद्रित होत, चुकलेला उच्चार मागाहून झाकता येत नसे. गाण्याचं तसं नव्हतं. आवाज आधीच मुद्रित झालेला, मुलीने ओठ आणि हात तालात ठेवायचे. गावोगावच्या रंगमंचावर तयार झालेल्या मुलीला ते जमणारच. म्हणून पहिलं काम मिळालं कव्वालीचं. फक्त बायकांनी गायलेली ही कव्वाली हिंदी चित्रपटात नवी गोष्ट होती; अभिनेत्री श्यामाही त्याच बैठकीत आहेत. शशिकलांना मिळाले २५ रुपये.

१९४७ मध्ये रिझवींचाच ‘जुगनू’ आला आणि त्याच वर्षी नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. आधार तुटला. स्टुडिओंची महिना पगाराची पद्धतही मोडत चालली होती, म्हणजे चित्रपट संपला की कमाई संपली. अशा वेळी नट येईल ते काम घेतो. शांतारामबापूंचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३), बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९), ‘जंगली’ (१९६१): कामं चांगल्या हाताखालची, पण बहीण, मैत्रीण, घरातली दुसरी मुलगी एवढीच.

वळण ‘आरती’ने (१९६२) दिलं. ताराचंद बडजात्यांच्या ‘राजश्री’ची ही पहिली निर्मिती, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारींसमोर घर पेटवणारी जाऊ. तेव्हाच्या नायिकेला मत्सर, हाव, राग यांतलं काहीच दाखवायची मुभा नव्हती. ते सगळं दुसऱ्या बाईकडे सोपवलेलं असे, त्यामुळे प्रसंग पुढे ढकलायची ताकदही तिच्याकडेच जाई. शशिकलांनी ती पुरेपूर वापरली. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांचा ‘गुमराह’, त्यात मालासिन्हांना धमकावून पैसे उकळणारी लीला. सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार लागोपाठ दोन वर्षं, दोन्ही चित्रपटांसाठी. पण यामुळे मोठं नुकसानही झालं. निर्मात्यांना त्यांच्यात दुसरं काही दिसेनासं झालं. ‘अनुपमा’तली (१९६६) खळाळती मैत्रीण पाहिली की किती हातचं गेलं याची चुटपुट लागते.

लग्न ओमप्रकाश सैगल यांच्याशी, मुली दोन. काही काळ त्या चित्रपट सोडून कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत रुग्णसेवा करत होत्या. नंतर चरित्र भूमिका आणि मालिका केल्या. २००७ मध्ये पद्मश्री. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत निधन.

त्यांचं काम नव्याने पाहायचं असेल तर ‘सुजाता’ आधी आणि ‘आरती’ नंतर पाहावा. मध्ये फक्त तीन वर्षं आहेत. ‘सुजाता’तली रमा वाक्य हसत हसत सोडून देते, ‘आरती’तली जाऊ तोच गोड आवाज ठेवून वाक्याच्या शेवटच्या शब्दावर क्षणभर थांबते, आणि समोरचं माणूस अस्वस्थ होतं. दोन्हीकडे उर्दू स्वच्छ आहे.