ईसीजीवरील जोखीमदर्शक खुणा

हृदयविकार असलेल्या किंवा त्याची शंका असलेल्या रुग्णाला पुढे झटका येण्याचा, हृदयाची लय घातक रीतीने बिघडण्याचा किंवा अचानक मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज ईसीजीच्या (हृदयाच्या विद्युत आलेखाच्या) पट्टीवरील ठरावीक खुणांवरून बांधण्याची पद्धत. निदान आणि जोखीम या दोन्ही गोष्टी त्याच पट्टीवरून वाचतात, पण त्यांचे प्रश्न निराळे. आता काय झाले आहे हा निदानाचा प्रश्न, यापुढे काय होऊ शकते हा जोखमीचा. या नोंदीत दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

लायडनचे विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाचा स्पष्ट विद्युत आलेख काढला. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रात हातापायांना ४ आणि छातीवर ६ असे १० इलेक्ट्रोड लावून १२ लीड, म्हणजे हृदयाकडे पाहण्याच्या १२ दिशा, मिळवतात. कागद सेकंदाला २५ मिमी वेगाने सरकतो, म्हणून आडव्या दिशेने छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० सेकंदाचा होतो. उभ्या दिशेने १० मिमी म्हणजे १ मिलिव्होल्ट. पी लहर अलिंदांची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची), क्यूआरएस निलयांची (खालच्या कप्प्यांची) आणि टी लहर निलये पूर्वस्थितीत येण्याची. जोखमीच्या जवळजवळ सगळ्या खुणा म्हणजे या लहरींची रुंदी, उंची, दिशा आणि त्यांच्यातील अंतर यांचीच मोजमापे आहेत.

ठाण्यात नौपाड्यातल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यापासून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापर्यंत आणि खाडीपलीकडे वाशीच्या महापालिका रुग्णालयापासून नेरूळ-बेलापूरच्या खासगी रुग्णालयांपर्यंत, छातीत दुखते म्हटल्यावर पहिल्यांदा ‘कार्डिओग्राम’च काढतात. तो स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटांत होतो, सुई टोचावी लागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत कामगारांच्या वार्षिक तपासणीतही तो असतो. या परिसरात त्याला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, तर इतरत्र सुमारे ५९ व्या. तुर्भ्याच्या बाजार समितीत पोती वाहणारा माथाडी काय किंवा ऐरोलीत रात्रपाळी करणारा संगणक अभियंता काय, वय कमी म्हणून पट्टी न काढणे इथे परवडणारे नाही.

छातीत दुखत असताना आणि दुखणे थांबल्यावर

रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघावा आणि वाचला जावा, असा दंडक आहे. क्यूआरएस आणि टी लहर यांच्यामधला एसटी भाग वर उचललेला दिसला, तर जोखमीचे गणित करत बसायचे नसते, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची असते. एसटी खाली गेलेला असेल तर मात्र जोखीम मोजावी लागते. ‘टिमी’ आणि ‘ग्रेस’ या जोखमीला गुण देणाऱ्या दोन्ही गुणांकनांत एसटीतील बदलाला स्थान आहे. ‘ग्रेस’मध्ये वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) यांच्या जोडीने तो मोजला जातो. एकटी खूण क्वचितच निकाल देते.

याला एक अपवाद आहे, आणि तो प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरला ठाऊक असायला हवा. वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेल्या या खुणेत व्ही-२ आणि व्ही-३ लीडमधील टी लहर खोल उलटी किंवा आधी वर, मग खाली अशी दुहेरी दिसते, आणि तीही दुखणे थांबलेले असताना. डाव्या पुढच्या रक्तवाहिनीच्या सुरुवातीलाच मोठे आकुंचन असल्याचे ते चिन्ह असते. त्या अभ्यासातील १४५ रुग्णांपैकी २६ जणांत ही खूण आढळली. त्यांतील शस्त्रक्रिया न झालेल्या १६ पैकी १२ जणांना काही आठवड्यांतच हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका आला. नेमक्या याच वेळी रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, आता बरं वाटतंय, ॲसिडिटीच असेल.” हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा ट्रोपोनिनही फारसा वाढलेला नसतो. नातेवाईकांना घोडबंदर रोडच्या गर्दीत अडकण्याआधी घर गाठायचे असते. अशा रुग्णाला घरी सोडणे चूकच. पण ‘उद्या स्ट्रेस टेस्ट करून घ्या’ असे सांगणे त्याहून धोक्याचे, कारण ट्रेडमिलवरच झटका येऊ शकतो. त्याला अँजिओग्राफी होणाऱ्या ठिकाणी पाठवायचे असते, शक्यतो १०८ च्या रुग्णवाहिकेने.

झटक्यानंतर

झटक्याने मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि विजेचा मार्ग तिथे अडखळतो. रुंद आणि खोल क्यू लहर ही व्रणाची जुनी खूण. क्यूआरएसमध्ये खाचा पडणे, म्हणजे त्याचे विखंडन, ही नंतरची. २००६ पासून तिच्यावर बरेच लिहिले गेले, पण निकाल सारखे आलेले नाहीत. क्यूआरएसची रुंदी मात्र उपचार ठरवते. ती १२० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की दोन्ही निलये एकत्र आकुंचन पावत नाहीत. डाव्या निलयाकडे वीज नेणारी डावी शाखा बंद, रुंदी १५० किंवा जास्त आणि योग्य औषधे देऊनही टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे डावे निलय दर ठोक्याला बाहेर टाकते त्या रक्ताचे प्रमाण, ३५ टक्के किंवा कमी, असे तिन्ही जुळले तर तीन वायरच्या पेसमेकरचा विचार करतात. ज्या खुणेवरून पुढचे पाऊल ठरते, तीच खरी कामाची खूण.

क्यूटी आणि पावसाळा

क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंतचे अंतर म्हणजे क्यूटी. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले हे अंतर पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक मानतात. ते ५०० च्या वर गेले, तर टॉर्साद द प्वांत नावाची घातक लय सुरू होण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. ठाणे-नवी मुंबईत जून ते ऑक्टोबर या काळात हा धोका खास लक्षात ठेवावा लागतो. हृदयरुग्ण आधीच लय सांभाळणाऱ्या अमिओडॅरोनवर असतो, वर लघवीची गोळी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी करत असते. त्यात ताप आणि उलट्या सुरू होतात. मग मलेरियासाठी क्लोरोक्विन, घशासाठी अझिथ्रोमायसिन, उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन अशी औषधे दोन-तीन दवाखान्यांतून सुरू होतात. यांतले प्रत्येक औषध क्यूटी लांबवणारे आहे. हृदयाची फाइल एका डॉक्टरकडे आणि तापाची चिठ्ठी दुसऱ्याकडे असल्याने ही बेरीज कोणाच्याच नजरेला पडत नाही. औषधांची सगळी पाकिटे एकत्र दाखवणे आणि अशा वेळी एक पट्टी काढणे, एवढ्याने हा अपघात बहुधा टळतो.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. यंत्र सहसा बॅझेट यांच्या १९२० च्या सूत्राने दुरुस्ती करते: क्यूटीला दोन ठोक्यांतील अंतराच्या वर्गमुळाने भागायचे. तापात नाडी जलद असते आणि तेव्हा हे सूत्र आकडा फुगवते. फ्रिडेरिसिया यांचे घनमुळाचे सूत्र, तेही १९२० चेच, अशा वेळी अधिक विश्वासाचे.

चालवून आणि दिवसभर मोजून

ट्रेडमिलवरील ईसीजीसाठी ड्यूक गुणांक वापरतात: व्यायामाची मिनिटे, त्यांतून एसटीतील बदलाच्या मिलिमीटरची ५ पट वजा, मग छातीतील दुखण्याच्या गुणाची (न दुखल्यास ०, दुखल्यास १, दुखल्यामुळे थांबावे लागल्यास २) ४ पट वजा. ब्रूस पद्धतीने (ठरावीक वेळाने वेग आणि चढ वाढवत) चार मिनिटे चाललेल्या, एसटी २ मिमी खाली गेलेल्या आणि दुखल्यामुळे थांबावे लागलेल्या माणसाचा गुणांक उणे १४ होतो. उणे ११ किंवा त्याखाली जोखीम मोठी, अधिक ५ किंवा वर ती कमी.

चोवीस तासांच्या होल्टर नोंदीतून (अंगावर बाळगायच्या यंत्राने घेतलेल्या ईसीजीतून) हृदयगतीची लवचीकता, म्हणजे ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते ते, मोजतात. झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या १९८७ च्या अभ्यासात, ठोक्यांमधील अंतराचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा ५.३ पट होता. हा आकडा ठसठशीत आहे, तरी त्यावरून कोणाला कोणता उपचार द्यावा हे ठरत नाही. छातीत शॉक देणारे यंत्र बसवायचे की नाही, हे आजही प्रामुख्याने एकोतील पंपिंग पाहून ठरते.

खूण आणि उपचार यांची गल्लत किती महागात पडते, हे ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीने दाखवले. झटक्यानंतर निलयातून अवेळी येणारे जादा ठोके ही जोखमीची खूण होती, तेव्हा ते औषधाने दाबले की माणूस वाचेल असे सर्वांना वाटत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड यांनी ठोके दबलेही. पण १,४९८ रुग्णांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ दगावले आणि नुसती निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी २६. पट्टी सुधारली, माणसे मेली. हृदयविकारावर लिहिताना ही चाचणी वगळू नये असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

संगणकाचे वाचन

२०१९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले की, कृत्रिम बुद्धिमत्ता साध्या १२ लीडच्या पट्टीवरून कमी झालेले पंपिंग ओळखू शकते, जे डोळ्यांना दिसत नाही. जिथे एको लगेच होत नाही, तिथे ही मोठी मदत ठरेल. यंत्राने कागदावर छापलेला नेहमीचा ‘नॉर्मल’ हा शेरा मात्र निराळा, त्यावर विसंबून छातीतले दुखणे सोडून देऊ नये. पहिली पट्टी स्वच्छ येऊनही झटका सुरू असू शकतो. म्हणून दुखणे चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात.

जुनी पट्टी

डावी शाखा आजच बंद झाली की दहा वर्षांपूर्वीपासून बंद आहे, टी लहर नव्याने उलटी झाली की नेहमीच तशी होती, हे जुन्या पट्टीशिवाय सांगता येत नाही. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीची पट्टी इथे सोन्याच्या मोलाची. ती बहुधा थर्मल कागदावर असते आणि काही वर्षांत, उन्हात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत तर त्याहून लवकर, पुसट होते. म्हणून झेरॉक्स काढावी किंवा बाराही लीड दिसतील असा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, तारखेसह. तुलना करताना इलेक्ट्रोड योग्य जागी होते का, हेही पाहावे लागते. व्ही-१ आणि व्ही-२ ची जागा चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधील फटीत, उरोस्थीच्या दोन बाजूंना. ते वर लावले गेले तर जुन्या झटक्यासारखे दिसणारे बदल निरोगी माणसाच्या पट्टीवरही उमटतात, आणि दुसऱ्या केंद्रात नीट जागी लावून काढलेल्या पट्टीत ते नाहीसे होतात.