घर भाड्याने देताना: घरमालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

करार नूतनीकरणाला आला की मालकांचा पहिला प्रश्न असतो, "भाडं किती वाढवू?" त्याआधी एक हिशोब करा. घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले सुमारे ८.३ टक्के गेले. भाडं ५ टक्के वाढवलं, भाडेकरू निघून गेला आणि नवा मिळायला महिना लागला, तर वर्षभरात जुन्या दराने जेमतेम साडेअकरा महिन्यांचं भाडं हाती येतं. १० टक्के वाढ मिळाली तरी फायदा महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच, आणि तो रंगकामातच जिरतो. वेळेवर पैसे देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू असेल तर वाढ थोडी कमी घ्या, असं आम्ही सांगतो. यात आमची दलाली बुडते, ती बुडू दे.

गुंतवणुकीसाठी दुसरं घर घेणाऱ्यांनी जाहिरातीतल्या परताव्यावर जाऊ नये. तिथे वर्षाच्या भाड्याला नुसत्या खरेदी किमतीने भागलेलं असतं. तुम्ही भाड्यातून रिकामा काळ, मालमत्ता कर, देखभाल, विमा आणि दुरुस्ती वजा करा. किमतीत नोंदणीचा खर्च आणि सुरुवातीची डागडुजी मिळवा. मग येणारा टक्का कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी असेल, तर सगळी भिस्त पुढे किंमत वाढण्यावर आहे हे ओळखून निर्णय घ्या.

अनामत रकमेवरून होणारे वाद बहुतेक ताबा देण्याच्या दिवशीच टाळता येतात. घर रिकामं असताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. भिंती, सिंकखालची जागा, खिडक्यांच्या कड्या, कपाटं आतून. वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे आणि चाव्यांची संख्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत भाडेकरूला द्या. रंग फिका पडणं ही नेहमीची झीज, ती मालकाची. फुटलेलं बेसिन भाडेकरूचं. कागद नसेल तर बेसिन आधीच फुटलेलं होतं की नाही, यावर दोघंही तावातावाने भांडतात.

पाण्याची गळती दिसायच्या आत पकडा. सगळे नळ बंद करा आणि मीटर पाहा. काटा फिरत असेल तर पाणी कुठेतरी झिरपतंय. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका. अर्ध्या तासात, फ्लश न करता, खाली रंग उतरला तर आतलं रबर बदलायचं आहे. भिंतीवर ओल असेल तर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून तारीख लिहा. आठवड्याभरात डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे, तिथे आधी रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. तक्रार फोनवर आली तरी भाडेकरूला ती मेसेजवर लिहायला सांगा, म्हणजे कधी कळलं आणि कधी दुरुस्त केलं याची नोंद राहते.

ताबा देण्याच्या आठवडाभर आधी कळवलंत तर नोंदीचा कोरा नमुना आम्ही देतो, आणि हवं असल्यास आमचा माणूस त्या दिवशी हजर राहतो.