मूत्रसंस्था

रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी लघवीवाटे शरीराबाहेर काढणारी इंद्रियसंस्था. दोन मूत्रपिंडे (वृक्के), दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग हे तिचे भाग.

मूत्रपिंडे पोटात पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी १० ते १२ सेंमी., वजन सुमारे १५० ग्रॅम. वर यकृत असल्याने उजवे किंचित खाली असते. एवढ्याशा या जोडीकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा येतो.

मूत्रपिंडाला नुसती गाळणी म्हणणे अपुरे आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की भेंडीचे पाणी घालतात, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. नको ते उचलले जाते, हवे ते जागेवर राहते. मूत्रपिंडाची रीत नेमकी उलटी आहे. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे लघवी तयार करणारे सूक्ष्म घटक, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून रक्तपेशी आणि मोठी प्रथिने सोडून पाणी, साखर, क्षार, युरिया असे जवळपास सगळेच बाहेर झिरपते. पुढच्या नळीत हवे तेवढे वेचून रक्तात परत घेतले जाते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव असा झिरपतो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. निरोगी माणसाची साखर जवळजवळ सगळी परत येते. मधुमेहात ती रक्तात फार वाढली, की नळीला आवरत नाही आणि लघवीत उतरते.

पाणी किती राखायचे हे मेंदू ठरवतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात, रक्त दाट होऊ लागते. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते, नळ्या अधिक पाणी धरून ठेवतात, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. हे रोजचेच झाले, तर दाट लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटसारख्या क्षारांचे स्फटिक जमून मूतखडा होऊ शकतो. खडा मूत्रवाहिनीत अडकला, की कुशीतून जांघेपर्यंत असह्य कळा येतात.

रक्तदाबाचे नियमन, तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक तयार करणे, ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात.

तयार लघवी २५ ते ३० सेंमी. लांबीच्या मूत्रवाहिन्यांच्या लाटांसारख्या आकुंचनाने मूत्राशयात ढकलली जाते. तिथे ४०० ते ५०० मिली. मावते, पण त्याच्या निम्म्याच्या आसपासच जाणीव होऊ लागते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असल्याने लघवी रोखून धरता येते. ऊसतोडीच्या फडात आडोसा नसतो, म्हणून अनेक बायका दिवसभर पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. ही सोशिकता महागात पडते. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंमी., पुरुषांचा सुमारे २० सेंमी.; त्यामुळे जंतूंना आत शिरायला वाट जवळची, आणि त्यांना धुऊन काढणारा प्रवाहही वेळेवर येत नाही.

बोलीत ‘उन्हाळी लागली’ म्हणतात ती जळजळ कधी नुसत्या दाट लघवीची असते, कधी संसर्गाची. सोबत थंडी-ताप आला आणि पाठीत बरगड्यांखाली दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. तेव्हा धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.