वादळाला नाव मिळण्याआधी : बडोद्यातले घर आणि त्याचा विमा

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर चढले, तेव्हा गुजरातवर मुक्काम ठोकलेले संकट हवामान खात्याच्या लेखी चक्रीवादळ नव्हते, तर तीव्र कमी दाबाचे क्षेत्र होते. ते पुढे कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरले आणि ३० ऑगस्टला त्याचे ‘असना’ नावाचे चक्रीवादळ झाले. म्हणजे वादळाला नाव मिळाले तेव्हा बडोद्यातल्या घरांतून पाणी शिरून गेलेले होते. बडोदेकराने आपल्या घराची आणि विम्याची तयारी ‘चक्रीवादळ’ या शब्दाची वाट पाहत ठेवू नये, असे मला म्हणूनच कळकळीने वाटते.

चक्रीवादळ उबदार समुद्राच्या वाफेवर जगते. वाफेचे ढग होताना जी उष्णता बाहेर पडते तीच त्याचे इंधन असते, आणि जमिनीवर येताच हा पुरवठा तुटून वाऱ्याचा जोर उतरतो. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले आणि बिपरजॉय १५ जून २०२३ रोजी कच्छमधल्या जखाऊजवळ. दोन्ही वेळी वाऱ्याचा पहिला तडाखा किनाऱ्याने सोसला. मात्र वारा मंदावला तरी वर साठलेली वाफ नाहीशी होत नाही. वादळी प्रणाली एका जागी रेंगाळली की ती पावसाच्या रूपाने तिथेच ओतली जाते.

तरी वाऱ्याला कमी लेखू नये. भारतीय मानकात बडोद्यासाठी इमारतींच्या आराखड्याचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ६० किलोमीटरला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १७ किलोंचा भार येतो, तर १२०ला सुमारे ६८ किलोंचा. गच्चीवरच्या ३ चौरस मीटरच्या पत्र्याचे वजन जेमतेम १२ किलो. छपरावरून जाणारा वारा त्याला वर खेचतो आणि ही ओढ छपराच्या आकारानुसार २०० किलोंच्या घरात जाऊ शकते. त्यावर ठेवलेल्या दहा विटांचे वजन ३० किलोंच्या आसपास भरते, तेव्हा त्या पत्रा धरून ठेवत नाहीत, त्याच्याबरोबर खालच्या रस्त्यावर येतात. नुसता खिळा उपटून निघतो; पत्रा लोखंडी आकड्याच्या बोल्टने खालच्या पट्टीला जखडलेला असावा. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली तर आत शिरलेली हवा छपराला खालूनही ढकलते, म्हणून कड्या आणि बिजागऱ्या पावसाळ्याआधीच तपासाव्यात.

पाणी मात्र उंबऱ्यावरूनच येते असे नाही. पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे अखेर नदीला मिळतात; नदीची पातळी गटारापेक्षा वर गेली की प्रवाह उलटतो आणि तळमजल्याच्या मोरीतून, नहाणीच्या जाळीतून गढूळ पाणी बुडबुडत वर येऊ लागते. जाळीवर जाड प्लास्टिक पसरून वर वाळूची पिशवी घट्ट बसवली, तर निदान सामान हलवण्यापुरता वेळ हाती लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी आणि फ्रिज उंचावर घ्यावेत, आणि मेन स्विच पाणी आत येण्यापूर्वी, कोरड्या हातांनी, बंद करावा. पुराच्या पाण्यात उतरणे टाळावेच. विश्वामित्रीच्या मगरी पुराबरोबर वस्त्यांत येतात, हे बडोद्यात नव्याने सांगायला नको.

आता विमा. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध असून तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही धरलेले आहेत. त्यामुळे नुकसान वाऱ्याने झाले की पाण्याने, वादळाला नाव होते की नव्हते, यावर दावा अडत नाही. लोकांचा गोंधळ होतो तो रकमेत. इमारतीची विमा रक्कम बाजारभावावर नव्हे, बांधकामाच्या खर्चावर ठरते, कारण जमीन वाहून जात नाही. समजा ८०० चौरस फुटांच्या घराला चौरस फुटामागे २,००० रुपये खर्च धरला, तर रक्कम १६ लाख होते. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते आणि त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. सामान त्याहून जास्त असेल तर वेगळे नोंदवावे लागते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गृहकर्जाबरोबर आलेली पॉलिसी अनेकदा फक्त इमारतीची असते, तेव्हा कागद काढून एकदा वाचावा.

पाणी ओसरल्यावर भिंतीवरचा ओला पट्टा पुसण्याआधी त्याला मोजपट्टी लावून फोटो काढावा, आणि भिजलेले सामान विमा कंपनीच्या सर्व्हेयरने पाहीपर्यंत फेकू नये. दारातल्या गाडीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. केवळ समोरच्याचे नुकसान भरून देणाऱ्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई नसतेच, आणि सर्वंकष विमा असला तरी बुडालेली गाडी चालू केल्यामुळे इंजिन बिघडले तर तो दावा सहसा नाकारला जातो, जर इंजिनसाठीचे जादा संरक्षण घेतलेले नसेल. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरले असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडीत पाणी गेल्याची शंका जरी असली, तरी किल्ली न फिरवता ती टो करून गॅरेजला न्यावी.