पार्श्वभूमी : नशेतील हिंसा आणि एक वादग्रस्त निदान

नशेत असलेल्या माणसाला कसे हाताळावे याविषयीचे आजचे मार्गदर्शन मुख्यतः गेल्या चार दशकांत घडले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मेथॲम्फेटामाइनचा वापर फोफावला, १९५१ मध्ये तेथे त्याविरुद्ध कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत अशा उत्तेजक द्रव्यांमुळे तीव्र संशयभ्रम होतात हे वैद्यकशास्त्रात प्रस्थापित झाले.

१९८५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासकाने द्रव्याचा परिणाम, द्रव्यासाठी पैशाची गरज आणि बेकायदा व्यापार अशी अमली द्रव्यांशी निगडित हिंसेची तीन मुळे वेगळी केली. न्यूयॉर्कमधील १९८८ च्या खुनांच्या अभ्यासात क्रॅक कोकेनशी (धूर करून ओढल्या जाणाऱ्या कोकेनशी) निगडित बहुतेक हत्या व्यापारातील आढळल्या. द्रव्याच्या परिणामातून घडलेल्या हत्यांत दारूच ठळक होती. या निष्कर्षाला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

१९८५ मध्येच मायामीतील एका न्यायवैद्यक तज्ज्ञाने सहकाऱ्यासह कोकेन घेणाऱ्या सात जणांच्या आकस्मिक मृत्यूंचे वर्णन केले आणि ‘एक्सायटेड डिलिरियम’ (अतिउत्तेजित भ्रमावस्था) हे निदान चर्चेत आले. प्रचंड अस्वस्थता, वाढलेले तापमान, असामान्य ताकद आणि मग अचानक मृत्यू, अशी ती मांडणी होती. त्याच शहरात अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यूही आरंभी कोकेनमुळे झाल्याचे मानले गेले. फेरतपासणीत ते खून निघाले. तरीही निदान टिकले, आणि पोलीस ताब्यातील मृत्यूंचे कारण म्हणून ते सोयीचे ठरत गेले. पालथे पाडून पाठीवर भार दिल्यास श्वास कोंडतो, हा इशारा १९९५ मध्येच सरकारी पत्रकातून दिला गेला होता. असे असूनही २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या एका मोठ्या अमेरिकी संघटनेने एका दस्तऐवजाद्वारे या निदानाला मान्यता दिली. २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलीस ताब्यातील मृत्यूनंतर उठलेल्या गदारोळात त्याची चिकित्सा तीव्र झाली आणि २०२३ मध्ये संघटनेने तो दस्तऐवज मागे घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचे कारण म्हणून हे निदान नोंदवण्यास कायद्याने बंदी केली.

‘अमानवी ताकदी’च्या कल्पनेने बळाच्या वापराला आधार दिला, हे या वादाचे मूळ होय. उलट दिशेचा विचार २०१२ च्या सुमारास मानसोपचारातील तातडीच्या सेवेतून मांडला गेला : किमान दोन हातांच्या लांबीइतके अंतर ठेवावे, दोघांनाही बाहेर पडता येईल अशी वाट मोकळी असावी, एकानेच बोलावे, वाक्ये छोटी असावीत, तीच शांतपणे पुन्हा सांगावीत, आणि वाद घालू नये वा अंगाला हात लावू नये. सामान्य माणसाने शस्त्र दिसताच तेथून निघून मदत मागवावी हेच इष्ट.

मात्र उत्तेजक द्रव्याच्या अतिसेवनाने शरीर तापून जीव जाऊ शकतो, हे वैद्यकीय वास्तव निदान मागे घेतल्याने बदललेले नाही. त्या अवस्थेला दिलेले ‘तीव्र अस्वस्थतेसह अतिक्रियाशील भ्रमावस्था’ हे नवे नाव म्हणजे जुन्याच कल्पनेचे नामांतर आहे, असा टीकाकारांचा आक्षेप आहे, आणि बळजबरीने गुंगी आणणारे इंजेक्शन देण्याचा प्रश्न अजून वादातच आहे.