केळीसारखं झाड, पण केळी कोणी खात नाही

इथिओपियाच्या दक्षिणेला अरबा मिंच नावाचं शहर आहे, नावाचा अर्थ चाळीस झरे. उंची साधारण १३०० मीटर, शेजारी अबाया आणि चामो ही रिफ्ट व्हॅलीतली दोन मोठी तळी, गरम हवा आणि आजूबाजूला केळीच्या बागा. इथून वरच्या चेंचा गावाचा घाट चढायला लागलं की चाळीसेक किलोमीटरच्या आतच २७०० मीटरवर पोचतो आणि खाली घामाघूम झालेला माणूस वर शाल शोधायला लागतो. हिशोब सोपा आहे, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे इथे नऊएक अंशांचा फरक. विषुववृत्त जेमतेम ६ अंशांवर, त्यामुळे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा फारसा नाही, थंडी हवी तर महिना नाही, उंची बघायची. लोकांचे पट्टे पण तसेच, खालचा गरम तो कोला, मधला वोइना देगा आणि वरचा थंडगार देगा, चेंचा त्यातलं.

गंमत म्हणजे इतक्या थंडीतही घराघरामागे केळीच दिसते. ती केळी नाहीच, ते एन्सेट. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कड्याकपारीत उगवणारी रानकेळ, म्हणजे कवदर, याच प्रजातीतली, चुलत बहीण म्हणा हवं तर. एन्सेटच्या फळात नुसत्या टणक बिया, ते कोणी खात नाही. खातात ते खोड आणि कंद! झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास, आत पिठूळपणा भरपूर साठलेला असताना तोडायचं, आणि तिथपर्यंत यायला चार-पाच वर्षं, थंडीत त्याहून जास्त.

पुढचं सगळं काम बायकांचं. सोपटं सोलून तिरक्या फळीवर टेकवायची, बांबूच्या पट्टीने खरवडून गर काढायचा, कंद किसायचा, आणि ते सगळं पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात दाबून वर दगड ठेवायचे. आत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात, तेच आपल्या दह्यातले भाऊबंद. काही आठवड्यांनी, थंडीत काही महिन्यांनी आंबट कोचो तयार, त्याची पानात गुंडाळून भाकरी भाजतात. पिळून निघालेलं पांढरं सत्त्व म्हणजे बुला, ते वेगळं, आणि उरलेल्या धाग्यांचे दोर.

आता यात खरी गोम काय, तर धान्य पिकलं की कापावंच लागतं, एन्सेट मात्र उभं राहतं. एखाद वर्षी पाऊस रुसला तर परसातलं अर्धवट वाढलेलं झाडसुद्धा तोडता येतं, खड्ड्यातलं कोचो तर कधी कधी वर्षभरही टिकतं. इथिओपियात साधारण २ कोटी लोकांचं पोट यावर आहे. बाहेरचे लोक याला चमत्कारी पीक वगैरे म्हणतात, म्हणोत बापडे, पण दिवसभर वाकून ते खोड खरवडणारी बाई त्या कौतुकात कुठेच नसते. शिवाय कोचोत प्रथिनं फारच कमी, त्यामुळे सोबत कोबीवर्गीय पाला, शेंगा, थोडं दूधदुभतं लागतंच, म्हणून गाय लागते, गाईचं शेण परत परसात आणि एन्सेटची पानं गाईपुढे. शेण नसेल तर हे झाड वाढतच नाही नीट.

लागवडीची तऱ्हा पण वेगळी. केळीला मुनवे आपोआप फुटतात, याला नाही, मग कंदाचा मधला कोंब कापून काढतात, कंद शेणखतात पुरतात आणि कडेने रोपं फुटायची वाट बघतात. एका कंदाला कित्येक डझन येतात. आणि इथेच धोका, कारण एन्सेटला जिवाणूजन्य मर रोग होतो, इथिओपियात त्याची नोंद १९६८ ला झाली, २००१ मध्ये तोच युगांडात केळीवर सापडला. औषध नाही. आजारी झाड कापलेला कोयता तसाच दुसऱ्या झाडाला लागला की संपलं, म्हणून पातं विस्तवात धरून घ्यायचं.

इतकं असूनही जमीन थोडी आणि माणसं जास्त, त्यामुळे पैसा येतो तो बटाटा, बार्ली, हल्ली सफरचंद (थंडी आहे ना) आणि मुख्य म्हणजे मागातून. इथले दोर्झे लोक विणकर म्हणून अख्ख्या देशात प्रसिद्ध. कापूस खालच्या गरम पट्ट्यातून येतो, बायका टकळीवर सूत काततात, माग पुरुषांचा, आणि कित्येक पुरुष अदिस अबाबाच्या शिरो मेडा भागात विणकाम करायला जातात.

घर मात्र गावचंच, विणलेल्या बांबूचं, उंचच उंच, वर सोपटांचं छप्पर, समोरून बघितलं तर हत्तीचं तोंड वाटावं असं. वाळवीने खालचा भाग खाल्ला की दर काही वर्षांनी घर तेवढं बुटकं होतं, कधी कधी तर सगळे मिळून अख्खं घर उचलून दुसरीकडे नेतात. त्यामुळे घर किती जुनं ते विचारायची गरज नाही, किती बुटकं झालंय ते बघायचं.