सात की आठ?

एका रसायन कारखान्यात नवी उद्घोषणा यंत्रणा आणि इंटरकॉम बसवून झाले होते, आणि ते ताब्यात घेण्यापूर्वीच्या चाचणीसाठी मी पर्यवेक्षकांबरोबर कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये उभा होतो. नियंत्रण कक्षातून सूचना आली. मला ‘टाकी क्रमांक सात’ असे ऐकू आले, शेजारच्या ऑपरेटरला ‘आठ’ ऐकू आले, आणि आवाज एवढा दणदणीत होता की दोघांपैकी कोणालाही आपल्या कानांविषयी शंका आली नाही. पर्यवेक्षकांनी लगेच उपाय सुचवला : “साहेब, आवाज जरा वाढवायला सांगू का?”

‘सात’ आणि ‘आठ’ या दोन शब्दांत ऐकू येण्याजोगी ऊर्जा जवळजवळ सगळी ‘आ’ या स्वरात असते आणि तो दोन्हींत सारखाच आहे. फरक आहे तो सुरुवातीच्या ‘स’मध्ये आणि शेवटच्या ‘त’ व ‘ठ’ यांमध्ये. ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि कारखान्यांत लावतात ते कर्णे नेमके त्या पट्ट्यात क्षीण होऊ लागतात. आवाज वाढवला की ‘आ’ अधिक मोठा होतो. हरवलेला ‘स’ काही परत येत नाही.

आम्ही आधी तारांची तपासणी केली. अशा यंत्रणेत अॅम्प्लिफायरपासून १०० व्होल्टची लाइन निघते आणि प्रत्येक कर्ण्याला त्याच्या ट्रान्सफॉर्मरवरील टॅपने (शक्ती निवडण्यासाठी दिलेल्या जोडबिंदूने) ठरवलेली शक्ती मिळते. येथे शेडच्या दोन टोकांना मिळून चार कर्णे होते, प्रत्येक ३० वॅटच्या टॅपवर, म्हणजे एकूण भार १२० वॅट. व्होल्टेजच्या वर्गाला शक्तीने भागले की प्रतिबाधा (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मिळते, त्यामुळे ती सुमारे ८३ ओहम असायला हवी होती. मीटरने ९५ दाखवले. एखादा कर्णा तुटला असता तर १११ आले असते. ९५ याचा अर्थ एक कर्णा चुकून १५ वॅटच्या टॅपवर जोडलेला आहे. शिडी लावून पाहिले, तर तसेच निघाले. (हे मोजमाप साध्या मल्टिमीटरने होत नाही, कारण तो एकदिश प्रवाहाने फक्त वेटोळ्याचा रोध मोजतो.) टॅप दुरुस्त केला, पण सात-आठचा घोळ कायम राहिला.

मला या साऱ्या विषयात सर्वांत मोहक वाटते ते यापुढचे. बोलणे म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेचे सतत कमी-जास्त होणे : आपण सेकंदाला साधारण तीन-चार अक्षरे उच्चारतो, म्हणून या चढउतारांचा जोर ४ हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. शब्दाचा अर्थ शिखरांइतकाच मधल्या दऱ्यांतही असतो, आणि दऱ्या बुजल्या की शब्द बुजतो. नेदरलँड्समधील संशोधक हाऊटखास्ट आणि स्टेनेकेन यांनी १९७०च्या दशकात याच कल्पनेवर ‘स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स’ हे मापन उभे केले. सात ध्वनिपट्टे आणि प्रत्येकात चढउतारांच्या चौदा गती, अशा ९८ जोड्यांमध्ये मूळ चढउताराचा किती अंश ऐकणाऱ्यापर्यंत शिल्लक राहिला हे मोजून ० ते १ मधला एक आकडा काढला जातो. आणीबाणीच्या सूचनांसाठी तो सहसा किमान ०.५ असावा अशी अपेक्षा असते.

दऱ्या दोन प्रकारे बुजतात. यंत्रांचा गोंगाट आवाजाइतकाच असेल तर चढउताराचा निम्मा अंश उरतो. आवाज गोंगाटापेक्षा १० डेसिबेलने वर नेला तर ०.९१ उरतो आणि १५ डेसिबेलने नेला तर ०.९७. म्हणजे पहिल्या १० डेसिबेलनंतर आवाज वाढवण्याचा फायदा जवळपास संपतो. दुसरा प्रकार निनादाचा. पत्र्याच्या भिंतींवरून परतणारा ध्वनी ६० डेसिबेलने खाली यायला ३ सेकंद लागत असतील, तर ज्याला केवळ निनादच ऐकू येतो त्याच्यापर्यंत ४ हर्ट्झच्या चढउताराचा ०.१८ एवढाच अंश पोहोचतो. या सूत्रात आवाजाची पातळी कुठेच येत नाही! आवाज दुप्पट करा, निनादही तेवढाच वाढेल. उलट आवाज फार चढला, तर कानातच खालच्या पट्ट्यांतील ध्वनी वरच्या पट्ट्यांतील ध्वनींना झाकू लागतात आणि आकलन घसरते.

अॅम्प्लिफायरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली होती. त्यापेक्षा मला खटकते ती ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ ही अंधश्रद्धा, कारण तीन शब्द आधीच पाठ असलेला माणूस ते कुठेही ऐकू शकतो. एकेकाळी टेपरेकॉर्डरवर छापले जाणारे हजारो ‘पीएमपीओ वॅट’ही (क्षणिक कमाल शक्तीचे फुगवलेले आकडे) त्याच जातीचे.

खरे मोजमाप ठरावीक संकेत सुमारे २० सेकंद वाजवून, मीटर उभ्या कामगाराच्या कानाच्या उंचीवर धरून होते. ठोके देणारी यंत्रे चालू असताना ते फसवे येते. म्हणून निनादाचे मोजमाप शांततेत घ्यायचे, गोंगाट यंत्रे चालू असताना वेगळा मोजायचा आणि मग दोन्हींचा हिशेब एकत्र करायचा. केवळ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतलेले आकडे कागदावर फार सुंदर दिसतात.

शेड ९० मीटर लांब असल्यामुळे दूरच्या टोकाचा आवाज जवळच्या आवाजानंतर सुमारे पाव सेकंदाने पोहोचत होता. उशीर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर कान दोन्ही ध्वनी एकच मानतो, असे ध्वनिसंशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले होते; पाव सेकंद म्हणजे सरळ दुसरे अक्षर पहिल्यावर आदळणे. म्हणून आम्ही चार मोठ्या कर्ण्यांऐवजी बारा लहान कर्णे कामाच्या जागांजवळ, खाली तोंड करून, १० वॅटच्या टॅपवर लावले. भार तोच १२० वॅट राहिला आणि अॅम्प्लिफायरही तोच, पण कामगाराच्या कानात आता कर्ण्यातून थेट येणारा ध्वनी निनादाच्या वर राहू लागला. इंडेक्सचा आकडा ०.३८ वरून ०.५४ झाला.

इंटरकॉमचे काम थोडक्यात आटोपले. त्याचा माईक दूरचा गोंगाट कापतो, पण ओठांपासून दूर धरला तर बोलणाऱ्याचा आवाजही कापतो. ऑपरेटर तो हनुवटीखाली धरत होता.

मोठ्या कॉम्प्रेसरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र काही केल्या ०.४ च्या वर आकडा गेला नाही. तिथे आम्ही कर्णा काढला आणि सूचना येताच लुकलुकणारा पिवळा दिवा लावला.